मिटलेल्या डोळ्यांची प्रार्थना

आमचे हे प्रार्थनेला उभे राहिले की चर्चमधले पंखेसुद्धा हळू फिरतात, असं मी थट्टेने म्हणायचे. आवाजच तसा भारदस्त. मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे पंच, म्हणून दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचा मान यांचा. डोळे घट्ट मिटायचे, हात वर करायचे आणि सगळं तोंडपाठ बोलायचे, कोणाचा गुडघा, कोणाचं ऑपरेशन. पण भेटायला म्हणून कोणाच्या घरची पायरी कधी चढले नाहीत. "देवाच्या कानावर घातलंय ना," म्हणायचे. मी कपाळाला हात लावायचे.

त्या आठवड्यात आम्ही लेकीकडे गेलो होतो. रविवारी सकाळी बसमधून उतरलो ते थेट चर्चमध्ये. कोणाशी धड बोलणंही झालं नव्हतं. हे नेहमीसारखे उभे राहिले.

"प्रभू, आमच्या टेलरभाऊंच्या पत्नीला अंथरुणातून उठव. तिच्या अंगात बळ घाल. पुढच्या रविवारी ती आम्हाला याच बाकावर बसलेली दिसू दे!"

शेजारच्या बाईने माझा हात दाबला. "अहो, ती गेली," ती कुजबुजली. "बुधवारीच माती दिली तिला."

मी वळून पाहिलं. टेलरभाऊ मागच्या बाकावर एकटेच बसले होते, शेजारची जागा मोकळी ठेवून. मंडळीत चुळबुळ सुरू झाली. यांना वाटलं, लोकांना गहिवरून आलंय. आवाज आणखी चढला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. खुणावणार तरी कसं? डोळे मिटलेले.

बाहेर आल्यावर मीच सांगितलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या दिवसापासून यांनी प्रार्थनाच सोडली. चर्चमध्ये मागे बसायचे. जेवणाआधीची प्रार्थनाही मी करायची आणि हे ताटाकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होतो गं? देवाशी बोलत असतो तर त्याने मला मध्येच गप्प केलं नसतं का?" फार वाईट वाटलं. देवाशिवाय या माणसाकडे दुसरं होतंच काय?

शेवटी मीच यांना टेलरभाऊंकडे घेऊन गेले.

एका खोलीचं घर. खिडकीशी मशीन, वर दोरीला शिवलेले शर्ट टांगलेले. एकालाही काजं नव्हती.

"काजं तीच करायची," टेलरभाऊ म्हणाले. "माझी वाकडी होतात."

यांनी हात जोडले. "भाऊ, माझं फार चुकलं. त्या दिवशी..."

"राग नाही हो आला मला." टेलरभाऊ मशीनवरचा दोरा उगाच बोटाला गुंडाळत होते. "तुम्ही इतक्या खात्रीने मागत होतात. मला वाटलं, देव तुमचं ऐकतो. घरी आलो, दार उघडलं आणि हाक मारली तिला. दोनदा मारली."

हे मटकन खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवरच बसले.

"आलाच आहात तर प्रार्थना करा," टेलरभाऊ म्हणाले.

यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग अगदी हळू विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मलाही ठाऊक नव्हतं. इतके रविवार ती माझ्या मागच्या बाकावर बसत होती. टेलरभाऊंनी नाव सांगितलं.

हे गुडघ्यांवर आले. डोळे उघडेच होते, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे लागलेले. "प्रभू," म्हणाले आणि तिचं नाव घेतलं. पुढे शब्दच फुटेना. पुन्हा तेच नाव घेतलं. तिसऱ्यांदा घेताना आवाज फाटला आणि दोघंही लहान मुलांसारखे रडायला लागले.

आमेन मलाच म्हणावं लागलं.