तीनदा उकळलेलं पाणी

मी पावडर बोलतेय. तोंडाला लावायची नव्हे, कॅरमवर टाकायचीही नव्हे. मी लॅबमधली, जंतूंना जेवू घालणारी पिवळसर पावडर. मांसाचा अर्क, दुधातल्या प्रथिनांचा चुरा, थोडा स्टार्च आणि समुद्री शेवाळातून काढलेलं आगर, एवढाच माझा संसार.

मला पाण्यात शिजवून चपट्या बश्यांत ओततात. मी थिजले की रोग्याच्या जखमेतला जंतू माझ्यावर पसरतात आणि वर औषधांच्या टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती चांगलं मोठं मोकळं रिंगण दिसेल ते औषध लागू. रिंगण लहान आलं, तर औषध बाद. डॉक्टर त्या मापावर औषध ठरवतात, म्हणजे खरं तर माझ्या शब्दावर. तेच आता मला खुपतं.

मला शिजवण्याच्या खोलीला सगळे किचन म्हणायचे आणि तिथल्या जुन्या तंत्रज्ञांना महाराज. महाराजांनी फ्रीजरमध्ये एक ओळखीचा जंतू जपून ठेवला होता. कुठल्या औषधाला त्याचं रिंगण किती पडतं हे पाठ होतं. नवी खेप आधी त्याला वाढायची, रिंगणं नेहमीची आली तरच बाकीच्यांची पंगत. ही बडदास्त बघून त्याचं नाव पडलं जावई.

महाराज निवृत्त झाले तेव्हा माझा डबा त्यांनी काचसामान धुणाऱ्या मावशींच्या हातात दिला. "वजन चोख, बश्या सारख्या भरायच्या, जावयाला आधी वाढायचं, आणि पाणी शुद्ध हवं. बाकी काही नाही बघा." शुद्ध म्हणजे कसलं, ते त्यांनी सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या यंत्रातून डिस्टिल्ड पाणी आपोआप येत होतं, मग विचारणार तरी कोण?

मावशी जीव लावून काम करायच्या. मला तोलताना श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. मीही त्यांच्या हातून छान थिजायचे आणि मनातल्या मनात मिरवायचे.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पाण्याचं यंत्र बिघडलं, आणि मावशींच्या थोरल्या जाऊबाई दवाखान्यात दाखल झाल्या. जाऊबाई पायमशीनवर कपडे शिवून घर चालवायच्या. मधुमेह होता, टाचणी रुतून पाय चिघळला होता. डॉक्टरांनी जेंटामायसिनचं इंजेक्शन सुरू केलं होतं आणि जखमेतला पू आमच्याकडे आला होता.

लॅबच्या मॅडम प्रशिक्षणासाठी परगावी होत्या. मावशींनी फोन लावला.

"मॅडम, यंत्र बंद आहे. बश्या संपल्यात."

"दुसरीकडून मागवा. शुद्ध पाण्याशिवाय पावडरीला हात लावू नका हं."

"शुद्धच घेते, मॅडम. तुम्ही निर्धास्त राहा."

त्यांनी नळाचं पाणी फडक्यातून गाळलं आणि उकळलं. गाळून पुन्हा उकळलं. जाऊबाईंसाठी म्हणून तिसऱ्यांदा उकळलं. घरी लहान बाळासाठी करतात तसं, अगदी मनापासून.

पाणी माझ्यात शिरलं आणि मला चव लागली. कॅल्शियम, मॅग्नेशियम! उकळल्याने जंतू मेले होते. थोडे क्षार पातेल्याच्या बुडाला बसले होते, पण बाकीचे पाण्यातच होते. जेंटामायसिन ज्या वाटेने जाऊबाईंच्या जखमेतल्या जंतूच्या आत शिरतं, तीच वाट हे क्षार अडवतात. मला कळलं होतं. पण पावडरीला तोंड कुठे असतं?

एक जावई तेवढा मला अडवू शकला असता. पण त्याला फ्रीजरमधून काढून, वाढवून, जोखायचं म्हणजे दोन दिवस. "जाऊबाईंचा पाय दोन दिवस कुठे थांबतोय," असं पुटपुटत मावशींनी त्याला या खेपेपुरता उपाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर जंतू दाट उगवला होता. रिंगण पडलं अकरा मिलिमीटर. साध्या डिस्टिल्ड पाण्यात ते सतरा पडलं असतं. मी धादांत खोटं बोलले, आणि तेही इतक्या नितळ चेहऱ्याने की कोणाला शंका आली नाही. रिपोर्ट गेला, जेंटामायसिन बाद.

जखम नुकती सुकायला लागली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. दुसरं औषध मागवण्यात दोन दिवस गेले, त्याने अंगभर गांधी उठल्या, तेही बंद करावं लागलं. पाचव्या दिवशी जाऊबाईंच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली.

मॅडम परतल्या आणि आल्या आल्या विचारलं, "जावई जेवला का?" मावशींनी फ्रीजरमधली त्याची न उघडलेली कुपी पुढे केली. जावयाला त्याच बश्यांवर वाढलं, तर जेंटामायसिनचं रिंगण नेहमीच्या वीसच्या जागी तेरा. मॅडम पातेल्यापाशी गेल्या आणि बुडाचा पांढरा थर नखाने खरवडला. दुसरीकडून आणलेल्या बश्यांवर जाऊबाईंचा जंतू पुन्हा तपासला, रिंगण सतरा आलं. त्याच दिवशी नवा रिपोर्ट गेला, जुनं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं आणि उरलेला पाय वाचला.

"घरच्यांना मी सांगते. चूक लॅबची आहे," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. माझी जाऊ आहे. मीच सांगणार."

महिन्याभराने जाऊबाई काठी टेकत लॅबमध्ये आल्या. मावशींनी त्यांना किचनमधल्या स्टुलावर बसवलं आणि माझ्या डब्यासमोरच सगळं सांगून टाकलं. सांगताना पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

जाऊबाई मशीनचं पेडल मारायचा तो पाय पुढे घेऊन त्यावरून हात फिरवत होत्या.

"किती वेळा उकळलंस म्हणालीस?"

"तीनदा."

"तीनदा!" जाऊबाईंनी मावशींच्या पाठीवर हात ठेवला. "अगदी घरच्यासारखं केलंस की गं माझं."

मावशींना हुंदका फुटला. जाऊबाई ओरडल्या असत्या तर आम्हा दोघींनाही सोपं गेलं असतं.

आता डब्याच्या तळाशी मी मूठभरच उरलेय. यंत्र दुरुस्त झालंय. मावशी जावयाला वाढल्याशिवाय एकही बशी बाहेर देत नाहीत. तुमच्याही लॅबमध्ये माझी कोणी बहीण असेल, अशीच नितळ, देखणी. तिला शिजवणाऱ्याला माझा एक निरोप द्या. माया घरी खुशाल करा, पण मला घरचं समजू नका.