वळणावर कोरडी पडणारी टाकी

महायुद्धाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या आमच्या हॅम्पशायरच्या हवाई तळावरचे दोन वैमानिक परत आले नाहीत. शत्रूला चुकवायला विमान एकदम आडवं घसरवलं की इंजिन गपकन बंद पडतं, असं बाकीचे सांगत. मुख्य अभियंता पेनरोज मात्र म्हणायचे, पोरं घाबरतात आणि भलताच दांडा ओढतात.

हिल्डा क्रॅब्ट्रीला ते पटेना. तळावरची ती एकटीच बाई इंजिनियर. युद्धाआधी शर्यतीत गाडी पळवायची, तीही स्वतः बांधलेली. मी तिच्या हाताखाली पत्र्याचं काम करायचे. विमान घसरलं की टाकीतलं पेट्रोल एका बाजूला धावतं आणि नळीचं तोंड कोरडं पडतं, हे तिनं पेनरोजना परोपरीनं सांगितलं. आकाश म्हणजे शर्यतीचं मैदान नव्हे, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं.

"मग साहेब, माझ्या गाडीत बसा," हिल्डा म्हणाली.

सगळा तळ बघत होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

गाडीला तिनं विमानात असते तशी साधी टाकी लावली होती, तीही अर्धीच भरलेली. धावपट्टीच्या टोकाला तिनं गाडी गर्रकन वळवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मग आम्ही टाकी बदलली. या दुसऱ्या टाकीत मी भोकं पाडलेले पत्र्याचे पडदे बसवले होते, पेट्रोल एकदम पळू नये म्हणून. तेच वळण तिनं आणखी जोरात घेतलं. पेनरोजांची हॅट उडून गवतात पडली, पण इंजिनाचा आवाज तसूभरही हलला नाही.

"पुन्हा एकदा," पेनरोज म्हणाले. त्या फेरीनंतर ते हॅट न उचलताच कचेरीकडे गेले आणि विमानांच्या टाक्यांत पडदे बसवायची परवानगी लिहून घेऊन आले.

पडदे बसवलेलं पहिलं विमान वैमानिक सिरिल हॅथवेनं उडवलं. न परतलेल्यांपैकी एक त्याच्या खोलीतला होता. आमच्या डोक्यावर त्यानं विमान डावीकडे फेकलं, उजवीकडे फेकलं, पुन्हा डावीकडे. आम्ही माना वर करून ऐकत होतो. आवाज एकदाही तुटला नाही.

खाली उतरून तो थेट हिल्डाकडे आला.

"बाई, मी दमलो," तो म्हणाला, "तुमचं इंजिन काही दमेना."

सगळे हसले. हिल्डाचे डोळे भरून आले होते. तेलकट बाहीनं ते पुसत तिनं मला दुसऱ्या विमानाची टाकी उघडायला सांगितली.