नीलाबाईंचा डबा

"शिडी घेऊन कोण व्यायाम करतं?" मी विचारलं.

"मी," शिरीष म्हणाला आणि व्हॅनच्या टपावरच्या शिडीचे पट्टे सोडायला लागला.

दोन हजार एकवीसच्या लॉकडाउनमधला, ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. पश्चिम सिडनीत आम्हाला तेव्हा दिवसातून एकच तास व्यायामासाठी बाहेर पडता यायचं, तेही मास्क लावून आणि घरापासून पाच किलोमीटरच्या आत. डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. अशा दिवसांत माझा पन्नाशी उलटलेला, एका गुडघ्याने अधू नवरा शिडी खांद्यावर घेऊन क्रीकच्या, म्हणजे जवळच्या ओढ्याच्या, दिशेने निघाला होता. आणि आठवडाभर टेस्टिंग सेंटरवर लोकांच्या नाकात काड्या घालून दमलेली मी, शिडीचं दुसरं टोक धरून त्याच्या मागे. आमची लेक मैथिली खिडकीतून बघत होती. तिला चल म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, इट्स अ बॉक्स इन अ ट्री," आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

खरं होतं तिचं. झाडावरचा डबाच होता तो. जिओकॅशिंग म्हणतात या वेडाला. कुणीतरी एक डबा कुठेतरी दडवून ठेवतो, जागेचा पत्ता वेबसाइटवर टाकतो आणि बाकीचे रिकामटेकडे तो शोधत फिरतात. डब्यात ना सोनं ना नाणं. एक कागद असतो. त्यावर नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन वेबसाइटवर नोंदवायचं, सापडला. नाही मिळाला तर तेही नोंदवायचं, सापडला नाही. शिरीष अकरा वर्षं हे करतोय. पहिली दोन वर्षं मी भांडले, मग नाद सोडला. दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, झुडपात हात घालतो, तर घालू दे म्हटलं.

पण नोंदीच्या बाबतीत हा माणूस हाडाचा हट्टी. मित्राने डबा काढून सगळ्यांची नावं लिहिली तर हा आपलं खोडायचा. त्याचा धंदाही तसलाच. ऑफिसांत भिंतीवर आग विझवायचे लाल सिलिंडर असतात ना, ते दर सहा महिन्यांनी तपासायचे आणि तपासल्याची खूण म्हणून गळ्यातल्या पत्र्याच्या टॅगला भोक पाडायचं. एकदा ब्लॅकटाउनला एक सिलिंडर कुलूपबंद खोलीत होता. काचेतून दिसत होता, दाबाचा काटाही हिरव्यात होता. दुसरा कुणी भोक पाडून मोकळा झाला असता. हा त्या किल्लीसाठी तीन खेपा घालून आला. म्हणे, हातात घेऊन उचलून बघितल्याशिवाय मी बघितला म्हणणार नाही.

त्याची आई, माझ्या सासूबाई, दोन हजार अठरात नाशिकहून चार महिने आमच्याकडे राहायला आल्या. निवृत्त शिक्षिका. अख्खी गल्ली त्यांना नीलाबाई म्हणायची, आम्हीही चेष्टेत तेच म्हणायचो. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नवे डोळे कुठे वापरू असं त्यांना झालं होतं. शिरीषबरोबर एकदा गेल्या आणि लागला की नाद. त्याने त्यांच्या नावाने वेगळं खातं काढून दिलं, 'नीलाबाई'. पाहता पाहता अकरा डबे सापडले त्यांना. साडीचा पदर खोचून दगडांखाली हात घालायच्या. मी म्हणायचे, आई, इथे साप असतात. तर म्हणायच्या, असू देत, मी चौथीचा वर्ग सांभाळलाय.

बारावा डबा हा, क्रीककाठच्या गम ट्रीवरचा, म्हणजे निलगिरीवरचा. शिरीषने दोनदा जाऊन हात टेकले होते. सासूबाई समोरच्या बाकड्यावर बसल्या, मान वर केली आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "तो काय. दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात. हिरवा."

होता खरा. दोन माणसं उंच असेल.

"दिसला," शिरीष म्हणाला. "पण सापडला नाही."

"म्हणजे काय? मला धडधडीत दिसतोय."

"कागदावर सही कुठे झालीये आई? सही केली की सापडला. नियम आहे."

"तीस वर्षं हजेरी घेतली मी. पोरगं समोर दिसलं की हजर. सही मागत नव्हते कुणाकडे."

"ही शाळा नाहीये."

"नाहीच. हे त्या बँकेचं काउंटर आहे," असं म्हणून त्यांनी मला बँकेची गोष्ट सांगितली. दर नोव्हेंबरला त्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जायच्या. काउंटरवरचा माणूस त्यांचाच विद्यार्थी, त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेला. बाई बसा, बाई पाणी घ्या, बाई गुडघा कसा आहे, सगळं विचारायचा आणि फॉर्म पुढे सरकवून म्हणायचा, "बाई, सही केल्याशिवाय तुम्ही हयात नाही." सासूबाई म्हणाल्या, "त्याला मी पोटचा समजत नव्हते. पण हा तर पोटचा निघाला तसला."

एवढे हसलो आम्ही, पण शिरीष काही बधला नाही. त्यांच्या खात्यावर त्याने स्वतः नोंद केली, सापडला नाही. सासूबाईंनी बजावलं, "पुढच्या वेळी येईन तेव्हा मिळून काढू. तोवर हात लावायचा नाही."

पुढची वेळ म्हणजे दोन हजार वीसचा एप्रिल. तिकीट काढलेलं होतं. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. मग दर रविवारच्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माझा डबा आहे ना जागेवर?" आणि शिरीष दर महिन्याला क्रीकवर जाऊन खालून बघून यायचा आणि सांगायचा, "आहे."

मग पुढच्या वर्षीचा मे महिना आला. मला त्याबद्दल फार लिहवत नाही. त्यांना ऑक्सिजन लागला. शिरीषने देशाबाहेर जाण्याच्या परवानगीचा अर्ज भरला, कागद जोडले, परत कागद जोडले. इकडे बातम्यांत सांगत होते, भारतातून परत येणाऱ्याला दंड होईल, तुरुंगही होईल. त्या आठ-दहा दिवसांत त्याने दाढी केली नाही, धड जेवला नाही. नऊ तारखेला त्याच्या धाकट्या बहिणीला, लताला, वॉर्डात दोन मिनिटं सोडलं. तिने फोन आईसमोर धरला. आम्हाला दिसलं ते एवढंच. ऑक्सिजनचा मास्क, त्याच्या वर अर्धवट मिटलेले डोळे आणि मागे कसलातरी आवाज. शिरीष आई, आई म्हणत राहिला. मग चित्र थिजलं. संध्याकाळी त्या गेल्या. पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं.

त्या दिवसापासून त्याने लताशी धड बोलणं सोडलं. तिचा फोन आला की माझ्या हातात द्यायचा. एकदा मी जबरदस्तीने स्पीकर लावला. लता म्हणाली, "दादा, त्या दिवशी आई..." तर हा म्हणाला, "मी नव्हतो तिथे. मला नको सांगूस."

"होतास ना फोनवर."

"तिने बघितलं का मला? तुला माहीत आहे? मी फोनमध्ये होतो. ते असणं नव्हे," म्हणाला आणि अंगणात निघून गेला.

मी लताला म्हटलं, मला सांग, मी सांगते त्याला. ती म्हणाली, "नाही वहिनी. ते त्याचं आहे. तो विचारेल तेव्हा त्यालाच सांगेन." चार महिने झाले, याने विचारलं नाही. सासूबाईंचा फोटो मी मोठा करून आणला होता, तो कपाटात पडून होता. भिंतीवर लावते म्हटलं की नको म्हणायचा. दाढी वाढत चालली होती. कामावर मास्क नीट बसेना म्हणून सुपरवायझर ओरडला, तरी ऐकेना. मला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची. माणूस घरात असून हाती लागत नव्हता.

आणि ऑगस्टमध्ये त्या डब्याच्या मालकाने वेबसाइटवर लिहिलं, झाडाला वाळवी लागली आहे, काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, पुढच्या आठवड्यात तोडणार, डबा बंद करतोय. ते वाचून शिरीष चार महिन्यांत पहिल्यांदा आपणहून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मंजिरी, रविवारी शिडी धरशील?"

तर आम्ही निघालो. क्रीकच्या पुलाशी सायकलवरचा एक तरुण पोलीस थांबला. त्याने शिडीकडे बघितलं, शिरीषच्या दाढीकडे बघितलं. "यू राइट, मेट?"

"एक्सरसाइज," शिरीष म्हणाला.

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी मास्कच्या आतून जमेल तेवढा गरीब चेहरा केला. "वन अवर," तो म्हणाला. "नो वरीज." आणि गेला.

बाकडं तसंच होतं, फक्त बसू नये म्हणून त्याच्यावर पिवळी फीत गुंडाळली होती. शिडी झाडाला लावली. मी खाली दोन्ही पाय रोवून उभी राहिले. शिरीष एकेक पायरी चढत होता, प्रत्येक पायरीला गुडघा कुरकुरत होता आणि मी मनात देवाला म्हणत होते, याला आत्ता पाडू नकोस, हॉस्पिटलात जागा नाहीये.

बेचक्यात हात गेला. डबा निघाला. झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

"काय झालं?"

"पाणी गेलंय आत."

"आणि कागद?"

"लगदा झालाय." त्याने बोटांवरचा राखाडी चिखल मला दाखवला. "एक अक्षर राहिलं नाही. कुणाचंच नाही."

"तुझ्याकडे कोरा कागद असतो ना? घाल तो. आईंचं नाव लिही."

त्याने खिशातून कागदाची सुरळी काढली, पेन काढलं. बराच वेळ तसाच धरून राहिला. माझे हात भरून आले.

"लिही की."

"तिचा हात नाही," तो म्हणाला. "मी लिहिलं तर ते माझं अक्षर. खोटं होईल."

खरं सांगते, शिडी सोडून घरी जावंसं वाटलं मला. चार महिने साठलेलं सगळं तोंडात आलं. "मग त्या लगद्यात ज्यांची नावं होती त्यांचं काय?" मी खालून म्हटलं. "आता अक्षर नाही म्हणजे ती माणसं इथे आलीच नव्हती? त्यांना डबा सापडलाच नव्हता?"

मी वर बघितलं. तो डबा छातीशी धरून फांदीला टेकून बाकड्याकडे बघत होता.

"इथून ते बाकडं स्वच्छ दिसतं," तो म्हणाला. "मधे एकही फांदी नाही. तिला तिथून नक्की दिसला होता."

"मी कधीपासून सांगतेय."

"तू नाही. ती सांगत होती."

त्याने कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली. आईचं लिहिलं नाही. डबा परत बेचक्यात ठेवला, आठवड्याचाच पाहुणा होता तरी होता तसा ठेवला, आणि उतरला. तास संपायला सहा मिनिटं असताना आम्ही घरात होतो.

बूट न काढताच तो लॅपटॉपसमोर बसला. मी चहा टाकला आणि मागून डोकावले. त्याने 'नीलाबाई' खातं उघडलं होतं. अकरा डबे सापडले, एक सापडला नाही. ती शेवटची नोंद त्याने उघडली आणि 'सापडला' केली. तारीख आजची घातली नाही, जुनीच ठेवली, त्या बाकड्यावरच्या दिवसाची. खाली दोन ओळी लिहिल्या, मराठीत, वाचणाऱ्याला कळो न कळो. 'हिला दिसला होता. चूक नोंद माझी होती.'

मग त्याने फोन उचलला. नाशिकला साडेसहा वाजले असतील सकाळचे. लताने एका रिंगमध्ये घेतला.

"लता," तो म्हणाला. मी गॅस बंद केला. "त्या दिवशी तिला मी दिसलो होतो का गं?"

लता म्हणाली, "मास्कमधून बोलली ती, तुला ऐकू गेलं नसेल. म्हणाली, 'दाढी करायला सांग त्याला.'"

शिरीषने दाढीवरून हात फिरवला.

"दादा, ऐकतोयस ना? त्याआधी तुझी दाढी कधी बघितली होती तिने? दिसलास म्हणूनच म्हणाली."

"हो," तो म्हणाला. "हो. ऐकतोय." आणि मग तो रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. मैथिली तिच्या खोलीतून धावत आली आणि काही न विचारता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. लता पलीकडून रडत होती, आणि दोघं पुढे तासभर बोलत होती.

सलून बंदच होती. दुपारी त्याने अंगणात स्टूल मांडलं. आधी कात्रीने, मग साबण लावून. मी कपाटातून फोटो काढून पुसून टेबलावर ठेवला आणि आरसा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. शिडी अजून गवतात आडवी पडली होती. ब्रश, पाणी, वस्तरा, तो सावकाश करत होता, एकेक गाल ताणून. झाली म्हणाला आणि टॉवेल घेतला. हनुवटीखाली थोडी राहिली होती. सासूबाईंना ती बरोबर दिसली असती.

"थांब," मी म्हटलं आणि आरसा जरा खाली धरला.