हात वर, गाडी उभी

सकाळचे साडेनऊ झाले, की भाईंदरच्या त्या जुन्या फाटकापाशी जत्रा भरायची. फाटक रेल्वेने कधीच बंद केलं होतं, आडवी भिंतही घातली होती. पण भिंत घातली म्हणून ऐकतील ती माणसं कसली! महिन्याभरात भिंतीला माणूस मावेल एवढं भगदाड पडलं आणि भगदाडाशेजारी, पिंपळाखालच्या ओट्यावर, पटरीबाबा येऊन बसले. बाबांनी उजवा हात वर केला, की धडधडत येणारी लोकल बघता बघता मंदावायची आणि फाटकाच्या अलीकडे गपगार उभी राहायची. तिच्या नाकासमोरून लोक हात जोडत रूळ ओलांडायचे, आणि पलीकडे पोचल्यावर चेहरे असे करायचे, की गाडी जणू त्यांनीच थांबवलीय.

"ॐ रुळाय नमः! ॐ डब्याय नमः!" बाबा गरजायचे. "लोहा कुणाचं ऐकतो? चुंबकाचं! बेटा, माझ्याकडे चुंबक नाही, मीच चुंबक आहे!"

मग एखादी गाडी न थांबता निघून गेली तर? "ती देवीच्या कामाला निघालीय. तिला अडवायची नसते," बाबा डोळे मिटून सांगायचे. म्हणजे थांबली तर बाबांची, गेली तर देवीची. छापा आला तरी बाबा जिंकणार आणि काटा आला तरी बाबाच.

दत्तारामने रेल्वेच्या फाटकांवर फाटकवाला म्हणून बत्तीस वर्षं काढली होती. बाबांच्या गोष्टी ऐकून त्याला हसू आवरायचं नाही. पण हसून करतो काय, भक्त घरातच होती. त्याची बायको उर्मिला गुडघ्यांना शेक घ्यायला पूर्वेला जायची, आणि तीन आठवडे झाले, बाबांच्या हाताखालून जायची.

"पुलाला पायऱ्या बेचाळीस आहेत," ती म्हणायची. "गुडघ्यासाठी जायचं आणि गुडघेच मोडून घ्यायचे? बाबा निदान पायऱ्या तरी चढायला लावत नाहीत."

 यावर दत्ताराम आपला नुसती चिडचिड करायचा.

त्या दिवशी मात्र उर्मिला दुपट्यात गुंडाळलेल्या चार महिन्यांच्या नातीला घेऊन दारात उभी राहिली. "सूनबाई ऑफिसला गेली. बाळाची लस आहे आज, पूर्वेच्या दवाखान्यात. मी जाऊन येते."

"पुलावरून ना?"

"बाबांकडून. बाळासाठी त्यांनी गंडा मंतरून ठेवलाय."

दत्तारामच्या हातातला चहा तसाच राहिला. आजवर भांडण बायकोच्या हट्टाशी होतं, आता त्यात नात आली होती. तो घाबरला, चांगलाच घाबरला. पण भांडलो तर ही आणखी हट्टाला पेटणार, हे त्याला चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. त्याने खुंटीवरची कापडी पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या. "चल, मीपण येतो. मलाही एक गंडा बांधून घेऊ दे."

फाटकापाशी उत्तनची व्हेरा बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. दत्तारामला बघून ती खूश झाली. "आलास काय भाऊ! बाबाची पावर हाय हां. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, खोटं न्हाय."

दत्ताराम थेट ओट्यावर जाऊन बाबांना खेटून बसला.

"भक्ता, खाली बसा. हे आसन आहे," बाबा दचकून म्हणाले.

"वाकता येत नाही हो, बाबा. गुडघे."

"बसू दे की रे त्याला!" व्हेरा ओरडली, आणि बाबांचा नाइलाज झाला.

लांबून लोकल दिसू लागली. सगळी गर्दी गाडीकडे बघत होती. बाबा मात्र गाडीकडे बघत नव्हते. दत्तारामने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. भिंतीच्या कडेने वीस-पंचवीस पावलांवर एक बांबू रोवला होता. त्यावर लाल फडकं, फडक्याखाली झेंडूच्या माळा आणि माळांमध्ये हातभर आरसा. दृष्ट लागू नये म्हणून, असं बाबा सांगायचे. ओट्यावरून त्या आरशात एक हिरवा ठिपका दिसत होता.

दत्तारामला हसू फुटलं. फाटकाच्या अलीकडेच सिग्नलचा खांब होता. त्याचं तोंड येणाऱ्या गाडीकडे, म्हणून गर्दीला दिसायची ती नुसती त्याची काळी पाठ. खांबापलीकडे लावलेल्या आरशात मात्र ते तोंड दिसत होतं, आणि तेही फक्त या ओट्यावरून.

"देवीची गाडी!" बाबा म्हणाले. हिरवा होता, गाडी निघून गेली.

दत्ताराम उठला, रमतगमत बांबूपाशी गेला आणि त्याने आरशावर कापडी पिशवी चढवली. परत येऊन हात जोडले. "बाबा, नातीची लस चुकेल. पुढची गाडी थांबवाच."

"थांबवा, बाबा, थांबवा!" गर्दी ओरडली.

बाबांनी बांबूकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. पण एवढ्या लोकांपुढे माघार कशी घेणार? "ॐ रुळाय नमः!" म्हणत त्यांनी हात वर केला. लोकलने भोंगा मारला आणि बाबांची दाढी उडवत ती सुसाट निघून गेली.

"आज ग्रहमान..." बाबा पुटपुटले.

"ग्रहमान नाही, आरसा झाकलाय," दत्ताराम म्हणाला. त्याने जाऊन पिशवी काढली आणि परत येऊन ओट्यावर मांडी घालून बसला. पाच मिनिटांनी आरशात लाल ठिपका दिसला. दत्तारामने, खिशातले शेंगदाणे चावत, डावा हात वर केला. लोकल मंदावली आणि गपगार उभी राहिली.

व्हेराने तोंडावर हात नेला. एकाने तर दत्तारामचे पायच धरले. बाकीचे सवयीने भगदाडातून आत घुसले, आणि सगळ्यांच्या पुढे, बाळाला छातीशी धरून, उर्मिला.

"थांब!"

तो आवाज बत्तीस वर्षं फाटकावर कमावलेला होता. उर्मिला जागच्या जागी थिजली, मागची माणसंही. त्याच क्षणी उभ्या लोकलच्या आडून, पलीकडच्या रुळावर, एक्सप्रेस आली. डबे संपता संपेनात. उर्मिलाचा पदर वाऱ्याने ओढला गेला. बाळ किंचाळून रडू लागलं, आणि ते रडणं ऐकून दत्तारामच्या जिवात जीव आला.

गाडी गेल्यावर सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. "तुम्हाला आधीच कळलं होतं! दत्ताबाबा!"

"गप्प बसा!" दत्ताराम उखडला. "पुढच्या स्टेशनात आधीची गाडी उभी असली, की मागचीला लाल सिग्नल मिळतो. गर्दीच्या वेळी हे रोजचंच. लाल दिसला की हा हात वर करायचा, एवढीच याची सिद्धी. ज्याला खोटं वाटतं, त्याने या ओट्यावर येऊन बघावं."

माणसं एकेक करून ओट्यावर बसली, आरशात डोकावली, आणि शरमून उठली. बाबांनी तोवर चटई गुंडाळली होती.

"पण त्या आरशात एकाच रुळाचा सिग्नल दिसतो," दत्ताराम म्हणाला. "फाटकावर असताना मी मेलेली माणसं उचललीत. त्यांतल्या बहुतेकांनी गाडी पाहिली होती. एक पाहिली, दुसरी त्या गाडीच्या आड होती."

"पण एक्सप्रेस येतेय हे तुला कसं कळलं?" व्हेराने हळूच विचारलं.

"नाही कळलं. शपथेवर सांगतो, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. कुणालाच कळत नाही, बाबाला नाही, मला नाही. म्हणून तर थांबायचं. म्हणून तर पूल."

उर्मिलाने बाळ त्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि लंगडत पुलाकडे निघाली.

"चला," ती मागे वळून म्हणाली. "बेचाळीसच आहेत. आणि उद्या लिफ्टसाठी अर्ज करू, सगळ्यांच्या सह्या घेऊन. इतके दिवस इथे हात जोडत बसलो, त्यापेक्षा तेच करायला हवं होतं."