ग्रीडी म्हणजे काय ते

मथुरामावशीने पाटाभोवती रांगोळी काढली होती, ताटाभोवतीही काढली होती, आणि मधे मी. मांडी बदलायची तर रांगोळी पुसली जाणार. पुढ्यात तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि नारळाच्या रसात बुडवलेल्या खापरोळ्या. मालगुंडातलं केळवण म्हणजे चेष्टा नाही.

"खा गो बायो," मावशी म्हणाली. "ताट संपल्याशिवाय उठलीस तर याद राख!"

समोर तांब्याला टेकवून आईने मोबाईल उभा केला होता आणि त्यात विनीत. माझा होणारा नवरा. बोटीवर इंजिनियर आहे, सध्या सिंगापूरच्या बंदरात. त्याला म्हणे केळवण बघायचं होतं. बघायचं कसलं डोंबल, माझे घास मोजायचे होते.

"अक्षया डिअर, डोन्ट बी ग्रीडी हं," तो हसत म्हणाला. "लग्नाचे फोटो जन्मभर राहतात."

आई हसली. मावशीही हसली. मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना म्हणतात ना? माझं त्याहून भारी. मावशी उठू देईना आणि नवरा गिळू देईना.

मी चिपळुणात क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे शब्द काय लायकीचे आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे. बोटीवरचा कॅप्टन तीन-तीन प्लेटी हाणतो, तो 'फूडी'. विनीत सुट्टीला आला की आमच्याकडे कोलंबीचं पातेलं पुसून खातो, ते 'हेल्दी ॲपेटाइट'. साखरपुड्याला मी दुसरा मोदक घेतला तर 'ग्रीडी'! संध्याकाळी भूक लागली म्हणून दोन घावने खाल्ले, आणि गाढवासारखं ते त्याला सांगितलं, तर 'बिंज'. रविवारी वडापाव खाल्ला ते 'चीट'. आता चीट म्हणजे फसवणूक. मी कोणाला फसवलं, वड्याला? मग एकदा 'ग्लटन' आलं. हा शब्द मी दहावीच्या पोरांनाही जपून शिकवते, कारण इंग्रजांच्या धर्मात खादाडपणा हे सात महापापांतलं एक. आणि हे सगळं हसत, गोडीगुलाबीने. भांडायला गेले तर मीच कजाग ठरते.

घरी सगळे खूश. जावई किती काळजी करतो, बाई! हॉल ठरला, पत्रिका वाटून झाल्या, लग्न पंधरवड्यावर आलं. मला रात्रंदिवस एकच वाटे, हे लग्न नको. पण एकटीने मोडायची माझी छाती नव्हती. घरातल्या एकाने जरी 'पुरे' म्हटलं असतं ना, तर मी त्याच पावली नाही म्हटलं असतं. मनाची समजूत मी अशी घातली होती की यांना इंग्रजी कळत नाही म्हणून हे गप्प आहेत. एकदा का मराठीत कळलं, की ही मथुरामावशी, जिच्या तोंडाला सगळं मालगुंड टरकतं, ती त्याला सोडायची नाही.

मावशीने आग्रहाने आणखी एक खापरोळी वाढली.

"अजून?" विनीत म्हणाला. "ओ गॉड. माय लिटल ग्लटन!"

माझं डोकंच फिरलं.

"मावशी," मी त्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "तो मला हावरट म्हणतोय! खादाड, अधाशी म्हणतोय. साखरपुडा झाल्यापासून रोज म्हणतोय!"

विनीत "अगं, जोक..." असं काहीतरी पुटपुटला. मावशी उठली, तिने मोबाईल हातात घेतला आणि माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता ऐक मेल्या.

"जावईबापू, मनावर घेऊ नका हो," मावशी म्हणाली. "पोरीचं डोकं उपासाने फिरलंय. मी समजावते तिला." आणि तिने फोन बंद केला.

"मावशी, कळलं ना तुला तो काय म्हणतो ते?" मी विचारलं.

"आम्हाला काय कळत नव्हतं गो?" ती माझ्याजवळ बसत म्हणाली. "पहिल्याच दिवशी मी मोबाईलला विचारलं, ग्रीडी म्हणजे काय ते. सगळं मराठीत सांगतो तो. तुझ्या आईलाही मीच सांगितलं."

मी आईकडे वळले. ती पदराला हात पुसत होती, कोरडेच हात पुसत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"तुझे बाबा मला मराठीत म्हणायचे," आई म्हणाली. "माझ्या सासूसमोर, दिरांसमोर, पहिल्याच पंगतीत. हा निदान हसून म्हणतो. आणि चारचौघांना कळत नाही असं म्हणतो."

तिला हे खरंच चांगलं वाटत होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला रडूसुद्धा येईना.

मावशीने हळूच माझ्या ताटातल्या खापरोळ्या उचलून बाजूच्या वाटीत काढल्या. "राहू दे," ती म्हणाली. "लग्न होईपर्यंत सांभाळ थोडं." मग तिने ताटही उचललं. मी पाटावर तशीच बसून होते. आणि खोटं कशाला सांगू, मला अजून भूक होती.