उन्हातली दोन चाकं

तिला सगळे भिंगरी म्हणत. पहिल्याच शर्यतीत ती गाडीसकट गरागरा फिरून ट्रॅकबाहेरच्या वाळूत जाऊन बसली होती, आणि बाहेर निघाल्यावर कपडे झटकत तिनं विचारलं होतं, "परत एकदा जाऊ का?" नाव ठेवलं सख्ख्या थोरल्या भावानं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? पुढं ती चांगली नाव काढणारी ड्रायव्हर झाली, तरी नाव काही सुटलं नाही.

तीच भिंगरी आज दुपारी एका उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसली होती. समोर डबा होता आणि त्याचं झाकणसुद्धा तिनं उघडलं नव्हतं. शर्यत उद्या होती. आज सराव. संध्याकाळच्या आत दादानं ट्रॅकच्या ऑफिसात जाऊन ड्रायव्हरचं नाव द्यायचं होतं, आणि ते नाव भिंगरीचंच असणार हे घरात वर्षभर गृहीत धरलेलं. पण आत्ताच, दोन घास पोटात गेल्यावर दादा बोलण्याच्या मनःस्थितीत असतो हे बघून, तिनं त्याला सांगून टाकलं होतं.

"उद्या तू चालव. माझा हात गेलाय."

"हात नाही, पाय," दादा म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण तो त्याच्याच घशात अडकला. त्यानं गाडी स्वतःच्या हातांनी बांधली होती. चालवायलाही येत होती त्याला, नाही असं नाही. पण वरात काढावी तशी.

गोष्ट अशी होती. या ट्रॅकवर एक लांबलचक डावं वळण होतं. मंडळींनी त्याला सासूबाई असं नाव ठेवलं होतं, कारण तिच्यापुढे कितीही नीट वागा, काहीतरी चुकतंच. गेल्या वर्षी याच वळणावर ओलसर रस्त्यावर भिंगरी भिंतीवर आदळली होती. मनगट मोडलं, वर्ष गेलं. मनगट जुळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली, सगळं झालं. आणि आज सकाळी दोन्ही सरावांत, सासूबाई समोर आली की ॲक्सिलरेटरवरचा तिचा उजवा पाय आपोआप वर यायचा. गाडी वळायला लागे, मग मध्येच क्षणभर विचारात पडल्यासारखी करे, आणि मग मऊ, लिबलिबीत होऊन बाहेरच्या बाजूला ओढ घेई. तेवढ्यात भिंगरीचा पाय उठे. उजवी वळणं मात्र लोण्यासारखी जात होती. म्हणजे गाडीत दोष नाही. दोष तिच्यातच. असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

बाबांनीही तेच ठरवलं होतं. ते एकेकाळचे नावाजलेले ड्रायव्हर. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून पिटमध्ये, गाड्या उभ्या करायच्या छपराखाली, घडीची खुर्ची टाकून सावलीत बसत आणि तिथून साऱ्या जगाला सल्ले देत. सकाळपासून तिच्या कानातल्या रेडिओवर त्यांचं एकच पालुपद चालू होतं, "पाय उचलू नकोस! भीतीला भीक घालू नकोस! दाबून ठेव!"

जेवण झालं. म्हणजे इतरांचं झालं. भिंगरीनं हातमोजे काढून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवले. दादाच्या हातात ते बसले असते, तिचे पंजे काही नाजूक नव्हते. शेवटच्या सरावाला त्यानंच जायचं होतं. पण जाण्याआधी चाकांची हवा तपासायची राहिली होती, आणि ते आजवर तिचं काम होतं.

हा त्यांच्या घरचा रिवाज. ज्याचा जीव चार चाकांवर, हवा त्यानंच बघायची. बाकी गाडी दादा उघडेल, खोलेल, जोडेल, पण टायरच्या व्हॉल्व्हला त्यानं बोट लावायचं नाही. आणि हवा बघायची ती थंड टायरची, चारही चाकांना सारखी. तापलेल्या टायरला गेज लावायचं नाही, म्हणजे नाही. तापल्यावर हवा फुगते, ती काही खरी हवा नव्हे, असं बाबांचं म्हणणं. भिंगरीनं हे सगळं लहानपणापासून इतक्या निष्ठेनं पाळलं होतं की हातमोजे चढवून, ऐटीत, एखाद्या डॉक्टरीणबाईसारखी ती गेज घेऊन चाकाचाकापाशी बसायची. आजही सकाळी दोनदा तशीच बसली होती.

रिवाजानं खरं तर आता दादानं बसायचं. पण जुनी सवय. ती गेज घेऊन उकिडवी बसली. डावं पुढचं चाक. अठ्ठावीस. तोल सावरायला तिनं दुसरा हात, आता उघडाच, टायरवर टेकवला. थंडगार, माठाला हात लावावा तसं. डावं मागचं. तिथंही अठ्ठावीस, तिथंही थंड. वळसा घालून ती पलीकडे आली, उजव्या पुढच्या चाकापाशी बसली, हात टेकवला.

आणि हात झटकन मागे घेतला.

तिनं वर बघितलं. यंदा त्यांना मिळालेली जागा रांगेच्या अगदी टोकाची होती. वरचा पत्रा अर्ध्यातच संपलेला. गाडीचा डावा भाग सावलीत, उजवा उन्हात. सकाळीही असाच, दुपारीही असाच. काळं रबर ऊन पीत बसलं होतं आणि आतली हवा फुगत होती, गाडी जागची हललीसुद्धा नसताना. गेजला ते काय ठाऊक? गेज दाखवत होतं तीस, आणि भिंगरी आज्ञाधारक मुलीसारखी फुस्स करून हवा सोडायला निघाली होती, चारही सारखी करायला. सकाळपासून ती हेच करत होती.

तिचा हात व्हॉल्व्हवर तसाच थांबला. डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली. ट्रॅकवर गेल्यावर चारही चाकं एकसारखी तापतात. उन्हाची उसनी ऊब तिथं कामाची नाही. म्हणजे पळताना उजवीकडे हवा कमी. आणि डाव्या वळणावर गाडीचा सगळा भार जातो कुठं? उजव्या चाकांवर.

"दादा, इकडे ये. हात लाव."

दादानं हात लावला. मग पलीकडे जाऊन लावला. मग परत इकडे येऊन लावला. "आयला," एवढंच तो म्हणाला.

"सोडलेली हवा परत भरते. उजवीकडे एकतीस करते."

"डावीकडे अठ्ठावीस नि उजवीकडे एकतीस?" खुर्चीतून बाबा गरजले. "डोकं फिरलंय का? वाकडी हवा घालून गाडी सरळ जाईल? भीती गाडीत शोधू नकोस, पोरी."

भिंगरीनं कॉम्प्रेसरची नळी ओढली आणि उजव्या दोन्ही चाकांत हवा भरली. मग सीटवरचे हातमोजे उचलून चढवले. "मी जातेय," ती दादाला म्हणाली. "दोन फेऱ्या मारून आत येईन. गेज तयार ठेव. तापलेल्या टायरची हवा बघायचीय."

बाबांनी डोळे मिटून घेतले. पोटच्या पोरीनं भर दुपारी दोन्ही नियम मोडले होते.

पहिली फेरी तिनं सांभाळून मारली. दुसरी जरा मोकळी. आत आल्यावर दादानं गुडघ्यावर बसून धडाधड चारही चाकांना गेज लावलं. "डावीकडे चौतीस. उजवीकडे साडेचौतीस." म्हणजे जवळजवळ सारखी, खरीखुरी सारखी. "उजवीकडचा अर्धा काढ," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दादानं टायरच्या व्हॉल्व्हला बोट लावलं. तेसुद्धा कुणी बघत नाही ना, अशा नजरेनं.

मग ती सुटली.

सासूबाई दिसली तेव्हा तिला भीती वाटलीच. एका दिवसात जाणारी ती भीती नव्हती, आणि ती गेलीय असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. ब्रेक. स्टेअरिंग डावीकडे. ती वाट बघत राहिली, गाडी विचारात पडण्याची, लिबलिबीत होण्याची. गाडी विचारात पडलीच नाही. स्टेअरिंग फिरलं तशी वळली, लगेच, हाताला हात द्यावा तशी. उजवं पुढचं चाक रस्त्यावर टेकून उभं राहिलं आणि त्यानं सगळा भार घेतला. पाय खालीच होता. वळण संपत नव्हतं आणि पाय खालीच होता.

तिच्या अंगावर काटा आला. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकतो तो तुकडा केवढा, तर तळहाताएवढा. एवढी लोखंडाची गाडी, एवढा वेग, ती स्वतः, तिचं जुळलेलं मनगट, सगळं चार तळहातांवर तोललेलं, आणि त्यांच्या आत काय, तर हवा. नाकानं घेतो नि सोडतो तीच. त्यातली जराशी इकडची तिकडे झाली की माणसाला आपण भित्रे वाटू लागतो, आणि जागच्या जागी आली की हे असं. ती हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसली. रेडिओवर बाबांचा आवाज येत नव्हता. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीत तर वळणाच्या मध्यावर तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, संपूच नये.

सराव संपवून ती आत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. बाबा उन्हात, उजव्या पुढच्या चाकाच्या जागेशी येऊन उभे होते. गाडी थांबल्याबरोबर ते खाली बसले. गुडघ्यांची तमा न बाळगता, सरळ फरशीवर. दादा धरायला धावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

टायरच्या कडेवर उठावाची अक्षरं असतात. रस्त्याला कधी न लागणारी. या चाकावरची ती अक्षरं अर्धीअधिक घासून गेली होती.

"हे आत्ताचं नाही," दादा हळूच म्हणाला. "सकाळीच झालंय. मी पाहिलं होतं. वाटलं, घाबरून स्टेअरिंग जास्त ओढतेय."

बाबांनी पुसट झालेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. "टायर आडवा पडत होता," ते म्हणाले. "कुशीवर. त्या वळणावर ही अशी हवा असताना हिनं जर..." ते थांबले. "जरा अजून जोर दिला असता, तर टायर रिमवरून सुटून आला असता. आणि मी इथं बसून काय ओरडत होतो? दाबून ठेव. दाबून ठेव म्हणत होतो मी तिला."

भिंगरी हेल्मेट काढून उभी होती. घाम डोळ्यांत जात होता. तिला आत्ता कळलं. दिवसभर ज्या पायाला ती भित्रा म्हणत होती, मनात नाही नाही ते बोलत होती, त्याला सगळं माहीत होतं. गेजला कळलं नाही, बाबांना कळलं नाही, तिला स्वतःला कळलं नाही. सीटखालून येणाऱ्या त्या मऊशार थरथरीतून त्याला तेवढं बरोबर कळत होतं. तिला स्वतःच्याच शरीराचं नवल वाटलं, अनोळखी माणसाचं वाटावं तसं.

"मी ऐकणार होते हो बाबा," ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसत म्हणाली. "खरंच दाबून ठेवायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळेला. पायच ऐकेना."

दादा घसा खाकरत म्हणाला, "ऑफिसात काय सांगू?"

"हिचं नाव सांग," बाबा म्हणाले. "आणि उद्या रेडिओ तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे देऊ नकोस."

मग त्यांनी तिचा उजवा पाय, बुटासकट, दोन्ही हातांत धरला. ती अवघडून ओढून घ्यायला गेली, पण त्यांनी बराच वेळ सोडला नाही.