पंधरा मिनिटांचं कलम

एल्डर बेंडच्या नगरपालिकेत सभासद पाच होते, पण गावात कुणालाही विचाराल तर तो सांगेल, चार सभासद आणि एक इदालिना बेटनकूर. एकाहत्तरी उलटली तरी तिच्या जिभेला विश्रांती नव्हती. ती बोलायला लागली की नगराध्यक्ष वॉल्टर रेनर आपल्या टकलावरून हात फिरवत बसायचे. हात कपाळापर्यंत आला की समजायचं, ठराव पास झाला.

डिसेंबरातल्या भूकंपानं गावाचं तसं फार वाकडं केलं नव्हतं. चाळीसेक धुराडी पडली, चर्चची घंटा आपसूक वाजली, गायींनी दोन दिवस दूध कमी दिलं. मेन स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या दुकानांना मात्र चांगल्याच भेगा गेल्या, आणि त्यातली काही दुकानं वर्षानुवर्षं बंद पडलेली. ती पाडायची कुणी, किती दिवसांत, कुणाला विचारून, याचा गावाकडे काही नियमच नव्हता. तो करायचं काम इदालिनानं अंगावर घेतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागत नसे.

गावाच्या भल्यासाठी होतं, हे खरंच. पण नियम लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच इमारत होती, हेही तितकंच खरं. एर्मीनिओ सिल्वेराचं चीजचं दुकान. अकरा वर्षं बंद. दारावर 'येत्या वसंतात उघडत आहे' अशी पाटी, आणि अकरा वसंत बघून ती पाटी पांढरीफटक झालेली. भूकंपात त्याच्या छताच्या कठड्याच्या विटा फुटपाथवर पडल्या. मे महिन्यात गावातल्या पोर्तुगीजांची पवित्र आत्म्याची मिरवणूक, मुकुट मिरवणाऱ्या पोरीबाळींसकट, तिथूनच जायची. एवढं कारण कुणालाही पुरलं असतं. इदालिनाकडे आणखी एक होतं, ते ती बोलून दाखवत नसे. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा सेराफिन गेला, तेव्हा अख्खं गाव दफनाला आलं. त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त एर्मीनिओ तेवढा आला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

सेराफिन न्हावी होता, आणि त्याचं दुकान एर्मीनिओच्या दुकानाला खेटूनच होतं. तेही सहा वर्षं उघडलं नव्हतं. पण ते 'बंद' होतं, 'रिकामं' नव्हतं. इदालिनाच्या लेखी या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक होता. दर शनिवारी ती तिथे जायची, झाडलोट करायची, आरसा पुसायची. रिकामी असते ती दुसऱ्याची इमारत.

जानेवारीतल्या सभेत नियम वाचला गेला. ज्या इमारतीत वर्षभर कुणी राहत नाही आणि कुठला धंदा चालत नाही, ती रिकामी. भूकंपानं ती धोक्याची झाली असेल तर दारावर लाल कागद. तीस दिवसांनी नगरपालिका ती पाडणार. त्याआधी एकदा, इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली आणि हेल्मेट घालून, मालकानं आत जाऊन आपलं सामान आणायचं. त्यासाठी मसुद्यात एक तास दिला होता.

"तास?" इदालिना म्हणाली. "तासभरात छप्पर डोक्यावर आलं म्हणजे?"

मागच्या रांगेतून एर्मीनिओ उठला. गुडघे धरून, सावकाश. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत. त्यातलं एक उठण्यातच गेलं.

"माझे गुडघे बघताय ना? तासाभरात मी माळ्याच्या तिसऱ्या पायरीवर असेन. दोन तास द्या. आत आयुष्य पडलंय माणसांचं."

"अकरा वर्षांत जे काढायला सुचलं नाही, ते दोन तासांत काय सुचणार आहे?" इदालिना त्याच्याकडे न बघता कारकून बाईंना म्हणाली, जणू तक्रार त्यांचीच होती. "प्रामाणिक माणसाला आपली वस्तू कुठे आहे ते ठाऊक असतं. लिहा, पंधरा मिनिटं."

नगराध्यक्षांचा हात कपाळापर्यंत आला. पाच विरुद्ध शून्य. यात कुणा सभासदाची स्वतःची मालमत्ता येते का, असं नगरपालिकेच्या वकिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, तेव्हा इदालिनानं अगदी निर्मळ मनानं मान हलवली. नाही.

पुढच्या मंगळवारी इन्स्पेक्टर लॉनी टिबेट्स लाल कागद चिकटवायला निघाला. हा माणूस अंगानं धिप्पाड, पण मनानं इतका मऊ की गाडी चुकीची लावलेल्याला दंडाच्या पावतीबरोबर 'माफ करा' म्हणायचा. इदालिना मुद्दाम बघायला आली होती. एर्मीनिओच्या दारावर कागद लागला तसा तिला गोड पाव खाल्ल्यासारखं बरं वाटलं. लॉनी मात्र जागचा हलेना. हातात दुसरा कागद घेऊन तो बुटांकडे बघत उभा राहिला.

"आता काय?" इदालिनानं विचारलं.

"मिसेस बेटनकूर, या दोन दुकानांमधली भिंत एकच आहे. एकाच गवंड्यानं एकदमच बांधलेली. ते पाडलं की हे उभं राहत नाही. खरं तर आत्ताही धड उभं नाहीये." त्यानं तिला दाराच्या बाजूची भेग दाखवली. तिचा अख्खा पंजा आत गेला.

"पण माझं दुकान रिकामं नाही!"

लॉनीनं खिशातून नियम काढला आणि अपराध्यासारखा वाचला. "'...कुठला धंदा चालत नाही.' इथे शेवटची हजामत कधी झाली?"

या प्रश्नाचं उत्तर दिवसासकट, तारखेसकट तिला ठाऊक होतं. लॉनीनं 'माफ करा' म्हटलं आणि कागद लावला.

रस्त्यापलीकडे एर्मीनिओ आपल्या ट्रकला टेकून सगळं बघत होता. इदालिनानं मान ताठ केली. आता हा काय वाट्टेल ते बोलणार, आणि त्याला तसा हक्कच आहे, हे तिला कळत होतं. एर्मीनिओनं मान तिरकी केली.

"तुझा कागद जरा वाकडा लागलाय," तो म्हणाला. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मग तो ट्रकमध्ये बसून निघून गेला.

त्या संध्याकाळी नगराध्यक्षांचा फोन आला. "मिसेस बेटनकूर, तुमचं दुकान ऐतिहासिक म्हणून नोंदवू या का? मग दोन-तीन वर्षं कुणी हात लावणार नाही. सगळे मत देतील."

सगळे देतील, हे तिलाही माहीत होतं. तिनं फोन कानाला धरून मोठा श्वास घेतला. त्या दुकानापलीकडे सेराफिनचं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. घरात तो फक्त झोपायला यायचा, जगायचा तिथे. हो म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती. पण सकाळी त्या भेगेत आपला हात गेला होता, आणि शाळेची पोरं त्याच फुटपाथवरून दप्तरं घासत जातात, हे काही तिला विसरता येईना.

"वॉल्टर, ती भिंत इतिहास शिकलेली नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवून मनसोक्त रडली.

तिची पंधरा मिनिटं फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी दहाला ठरली. तिनं यादी केली होती: कात्र्या, वस्तरे, वस्तऱ्याचा चामडी पट्टा, रेडिओ, भिंतीवरचा फोटो. पोर्तुगालच्या तेरसेइरा बेटावरून आलेला सेराफिनच्या बापाचा ब्रश. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून ती दारात उभी राहिली, तेव्हा एर्मीनिओही आपल्या दारासमोर घडीच्या खुर्चीत बसलेला होता. त्याची वेळ साडेदहाची. एर्मीनिओच्या साओ जॉर्ज बेटाची माणसं कधी घाई करत नाहीत, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. हा अर्धा तास आधी आलेला बघून तिला उगीचच राग आला.

यादी नऊ मिनिटांत संपली. प्रामाणिक माणसाला वस्तू कुठे आहे ते ठाऊक असतं, ते खोटं नव्हतं. मग तिनं आरशाखालचा खण ओढून बघितला. तो नेहमी अडकायचा, म्हणून सेराफिन गेल्यावर तिनं कधी उघडलाच नव्हता. भूकंपानं चौकट सैल झाली होती. तो अलगद बाहेर आला.

आत पाकिटं होती. शेकड्यांनी. प्रत्येकावर सेराफिनच्या बारीक अक्षरात एक नाव, एक तारीख, आणि आत कागदात गुंडाळलेली एक बट. गावातल्या प्रत्येक पोराचे पहिले केस कापताना तो आईला एक बट द्यायचा, ते तिला माहीत होतं. दुसरी स्वतःकडे ठेवायचा, हे तो कधी बोललाच नव्हता. बत्तीस वर्षांत तिच्यापासून लपलेली ही एवढी एकच गोष्ट असावी.

ती मुठी भरभरून पाकिटं पिशवीत टाकू लागली. खण रिकामा होईना, आणि त्याच्याखाली आणखी एक खण होता.

"मिसेस बेटनकूर," दारातून लॉनी कळवळून म्हणाला, "वेळ झाली. पण माझं घड्याळ कधीकधी पुढे पळतं..."

"तुझं घड्याळ ठीक आहे." "मी थांबले तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं बाहेर काढशील?" ती अर्धी भरलेली पिशवी घेऊन फुटपाथवर आली.

एर्मीनिओ खुर्चीतून उठला. त्याला तेवढाच वेळ लागला जेवढा नेहमी लागतो.

"लॉनी, ही इमारत एक की दोन?"

"भिंत एकच, म्हणजे... एक."

"मग एका इमारतीला मालक दोन. पंधरा आणि पंधरा, तीस. तिची संपली, माझी आहेत. आणि माझ्या इमारतीतल्या कुठल्या भागात जायचं ते मी बघेन." त्यानं लॉनीच्या हातातलं हेल्मेट घेऊन डोक्यावर चढवलं.

"आणि तुझं सामान?" इदालिनानं विचारलं.

"प्रामाणिक माणसाला आपली वस्तू कुठे आहे ते ठाऊक असतं," तो म्हणाला. "माझी कुठेच नाही. चीज अकरा वर्षांपूर्वीच संपलं. चल, मी पिशवी धरतो. वाकणं मला जमणार नाही, ते तू कर. नाहीतरी मला वाकवायलाच तर नियम केला होतास."

इदालिना हेल्मेट सरळ करून त्याच्या पुढे आत शिरली.

ती भरत गेली, तो पिशवी धरून पाकिटांवरची नावं वाचत गेला. "हा बघ, वॉल्टर रेनर. सोनेरी कुरळे! हे गावाला दाखवायला हवं, कुणाचा विश्वास बसणार नाही." ती हसली, आणि हसता हसता तिनं विचारूनच टाकलं.

"दफनाला का नाही आलास?"

"इथेच होतो. पलीकडे, माझ्या दुकानात. या भिंतीतून मला चाळीस वर्षं त्याची कात्री ऐकू यायची. त्या दिवशी तो आडवा पडलेला मला बघवणार नव्हता. म्हटलं, भिंतीशी बसावं. नंतर तुझ्यासमोर यायला तोंड राहिलं नाही."

"म्हणून दुकान विकलं नाहीस?"

"एक म्हणजे आळस." त्यानं नाक ओढलं. "आणि दर शनिवारी पलीकडून झाडू ऐकू यायचा. तू त्याच्याशी बोलायचीस ते पण. इदालिना, तू त्या बिचाऱ्याला मेल्यावरही मधे बोलू देत नव्हतीस."

तिनं त्याच्या दंडावर जोरात चापट मारली आणि तोच दंड धरून रडली. पिशवी त्यानं सोडली नाही. दुसरा खणही रिकामा झाला, तेव्हा लॉनीच्या घड्याळात दोन मिनिटं शिल्लक होती. ती दोघं सेराफिनच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, हेल्मेटं घालून, काही न बोलता. इदालिनाच्या बाबतीत हा गावातला विक्रमच म्हणायचा.

मार्चच्या सभेत इदालिना उभी राहिली. पंधरा मिनिटांचं कलम बदलायचं होतं. ठराव बदलायचा तर कारण नोंदवावं लागतं. कारकून बाईंनी पेन उचलून विचारलं, काय लिहू?

"लिहा, सभासद बेटनकूर चुकल्या," ती म्हणाली. "तास करा."

नगराध्यक्षांचा टकलाकडे निघालेला हात वाटेतच थांबला. मागच्या रांगेतून एर्मीनिओ उठला. सगळ्यांनी सवयीनं वाट बघितली.

"तास फार होतो, माणूस बसून रडतो," तो म्हणाला. "अर्धा तास पुरे. पण मालकाबरोबर आणखी एक माणूस आत जाऊ द्या. पिशवी धरायला कुणीतरी लागतं."

"नातेवाईक का?" कारकून बाईंनी लिहिता लिहिता विचारलं. "की साक्षीदार? नक्की कोण, ते लिहावं लागेल."

इदालिनानं मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि या वेळी सरळ त्याच्याकडे बघून बोलली.

"कुणीही लिहा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, तोही चालेल."